पुस्तकांची व्हॅन, घाट आणि कूलंट

पुस्तके हा दिसायला निरुपद्रवी, पण वजनाला अत्यंत कठोर माल आहे. मध्यम आकाराच्या एका खोक्यात पंचवीस-तीस किलो पुस्तके सहज मावतात आणि तशी पंधराएक खोकी, घडीची टेबले, कापडी फलक, हिशेबाची पेटी व दोन माणसे एवढे सगळे एका लहान व्हॅनमध्ये भरले की गाडी मागच्या चाकांवर बसते. आम्ही तालुक्याच्या गावांत, शाळांमध्ये आणि वाचनालयांच्या आवारात पुस्तकप्रदर्शने भरवतो, त्यामुळे देशावरून कोकणात आणि कोकणातून पुन्हा वर अशी आमची ये-जा पावसाळ्याचे काही आठवडे सोडले तर वर्षभर चालू असते. कुंभार्ली, आंबा, वरंधा, कशेडी, खंबाटकी ही नावे इतरांना धबधब्यांसाठी आठवत असतील. आमच्यात ती निघतात ती कोणत्या चढावर तापमानाचा काटा कुठपर्यंत जातो, या हिशेबाने.

१९८४ साली मारुतीने व्हॅन आणली तेव्हापासून इंजिन पुढच्या सीटखाली असलेला हा प्रकार महाराष्ट्रात शाळेच्या मुलांपासून भाजीच्या जुड्यांपर्यंत सगळे काही वाहत आला आहे. या रचनेचा एक फायदा फारसा कोणी बोलून दाखवत नाही. इंजिनाची तब्येत बिघडू लागली की ते आधी माणसाला कळते आणि मग काट्याला. सीट नेहमीपेक्षा अधिक तापते, पायाशी गरम हवेचा झोत येतो आणि इंजिन थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, गळत असेल तर किंचित गोडसर, पाकाच्या जवळ जाणारा वास केबिनमध्ये पसरतो. तोटाही याच रचनेतला आहे. इंजिन पाहायचे तर सीट उचलावी लागते, आणि त्या वेळी आत वाफ कोंडलेली असेल तर ती बाहेर न जाता थेट तोंडावर येते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, जुन्या गाडीने लांबचे प्रवास करणाऱ्याची गाडी कधी ना कधी बंद पडणारच. त्यातून पाचशे रुपयांचे काम निघते, चाळीस हजारांचे निघते की कोणाचा जीव जातो, हे मात्र बहुतेक वेळा बिघाड ठरवत नाही, बिघाडानंतरचा पहिला अर्धा तास ठरवतो. त्या अर्ध्या तासात आपल्याकडे लोकांना घाई फार असते. कोणी झाकण उघडायला धावतो, कोणी गार पाणी ओतायला, कोणी 'घाट संपेपर्यंत काढू' म्हणून गाडी दामटायला.

घाटातच गाडी का तापते, याचे गणित सोपे आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो आणि ती वाहून नेण्याचे काम कूलंट करतो. पाण्याचा पंप त्याला इंजिनाच्या भिंतींमधून फिरवतो, ठरावीक तापमानाला, बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या आसपास, थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह उघडतो आणि मग तो कूलंट रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाऊन थंड होतो. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना समोरून येणारा वाराच अर्धे काम करतो. घाटात इंजिनाला कष्ट दुप्पट आणि वेग वीस. वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. त्यात पुढे एखादा भरलेला ट्रक असला तर त्याच्या मागून येणारी हवादेखील गरमच. अशा वेळी तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला घरघरत ओढण्यापेक्षा दुसऱ्यात थोड्या जास्त फेऱ्यांवर चढलेले बरे, कारण पाण्याचा पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. 'गाडी बोंबलतेय, गिअर टाका' असे शेजारी बसलेली माणसे हमखास सांगतात. त्यांचे ऐकू नये.

रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नसते, तो दाबाचा व्हॉल्व्ह असतो. सुमारे ०.९ किंवा १.१ बारचा दाब धरून ठेवल्यामुळे आतले पाणी शंभर अंशांना उकळत नाही. कूलंटमधले ग्लायकॉल हे रसायन मिसळलेले असेल तर ते १२० अंशांच्याही पुढे द्रवरूपात राहते. झाकण फिरवले की दाब एका क्षणात नाहीसा होतो आणि इतका वेळ गप्प असलेले पाणी एकदम उकळून वाफेसकट उसळते. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी न काढता झाकण ओढावे, तसा हा प्रकार आहे. चेहरा आणि हात भाजलेले चालक मी पाहिले आहेत, आणि त्यांतला एकही नवशिका नव्हता.

कुंभार्ली घाटात आमच्या बाबतीत घडले ते असे. चिपळूणहून निघून पोफळी मागे टाकली होती, मार्च संपत आलेला होता आणि दुपारचे ऊन नेमके समोरच्या काचेवर होते. आधी तो गोड वास आला. माझ्या सहकाऱ्याने खिडकी उघडून बाहेर नाक काढले आणि वास आपल्याच गाडीचा असल्याची खात्री केली, कारण घाटात पुढच्या ट्रकच्या क्लचचा वासही पुष्कळदा आपला वाटतो. काटा मध्यावरून पाऊण रेषेकडे सरकत होता. एसी बंद करून, काचा खाली करून आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून आम्ही पुढचे रुंद वळण गाठले. मार्च महिन्यात हीटर लावणे हे ऐकायला वेडेपणाचे वाटते. पण हीटर म्हणजे केबिनमधला एक छोटा रेडिएटरच असतो, आणि इंजिनाची उष्णता अंगावर घेतली तर थांबण्याची नीट जागा सापडेपर्यंतचे दोन-तीन मिनिटांचे अंतर निभावते. मात्र कूलंट गळून संपलेले असेल तर हाही उपाय चालत नाही, कारण हीटरमधून फिरायला काही उरलेलेच नसते.

इथे काट्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट पूर्ण निघून गेले की तो हवेत किंवा वाफेत उघडा पडतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. वर गेलेला काटा आपोआप खाली आला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकून पुढे निघालेल्या गाड्या पुढच्या वळणाला कायमच्या थांबतात. काटा वर जाऊन कारणाशिवाय खाली आला, तर ते वाढत्या काट्यापेक्षाही वाईट लक्षण समजावे.

गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, इंजिन बंद केले, मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले आणि सीट न उचलता आम्ही बाहेर उभे राहिलो. खालून थेंब नव्हे, बारीक धार पडत होती. हिरवट रंगाची, डांबरावर पडताच वाफाळणारी. कूलंटचा हिरवा किंवा गुलाबी रंग मुळात एवढ्यासाठीच उपयोगी असतो, की एसीचे निथळणारे पाणी आणि इंजिनाचे गळणारे पाणी यांतला फरक जमिनीवर पाहूनच कळावा. हात भाजू नये इतके इंजिन निवायला पाऊण तास लागला. त्या वेळात घाटातून उतरणाऱ्या तीन गाड्या मदतीला थांबल्या आणि तिन्ही गाड्यांतल्या लोकांनी पाण्याच्या बाटल्या पुढे करून एकच सल्ला दिला, 'ओता की इंजिनावर.' तापलेल्या लोखंडावर आणि ॲल्युमिनियमवर गार पाणी पडले की धातू एकाच ठिकाणी आकसतो, सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, वाकते किंवा त्याला तडा जातो. हेड वाकले की त्याखालची गळती रोखणारी चकती, म्हणजे गॅस्केट, गेले, आणि गॅस्केट गेले की कूलंट सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये. सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसू लागला, तर ती गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आणण्याचा विचार सोडून द्यावा. सल्ला देणाऱ्यांचे आभार मानून त्यांच्या बाटल्यांतले पाणी आम्ही प्यालो.

गळती इंजिन आणि रेडिएटर जोडणाऱ्या वरच्या रबरी होज पाइपच्या टोकाला होती. रबर क्लिपच्या कडेला बोटभर चिरले होते. क्लिपजवळ रबर सर्वांत आधी कडक होते, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत क्लिपाही गंजून एका बाजूने दाबू लागतात. पाइपाला थोडी ढील होती, म्हणून खोकी उघडायच्या कटरने चिरलेले टोक सरळ कापून टाकले, उरलेला पाइप पुढे सरकवून तोटीवर चढवला आणि क्लिप स्क्रू-ड्रायव्हरने आवळली. रस्त्यावर होजची यापेक्षा चांगली दुरुस्ती नाही. चीर मधोमध असती तर सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी ताणून गुंडाळावी लागली असती आणि तारेने बांधावी लागली असती. आता स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेपही मिळते आणि ती अशा कामाला खरोखर उत्तम आहे. टेप किंवा ट्यूब लावल्यावर रेडिएटरचे झाकण पूर्ण न आवळता पहिल्या खाचेवर ठेवले, तर आत दाब साठत नाही आणि तात्पुरते बांधलेले टिकते. अर्थात मग पाणी शंभरच्या आतच उकळणार, हे धरून हळू आणि थांबत-थांबत जावे लागते.

पाणी भरण्यातही घाई चालत नाही. रिकाम्या झालेल्या रेडिएटरमध्ये हवा अडकते, तिला वाट दिली नाही तर वर पाणी काठोकाठ दिसते आणि इंजिन मात्र कोरडे राहते. झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालू करायचे, बुडबुडे येतील तसतशी पातळी खाली जाते, तितके पाणी घालायचे, वरचा पाइप हाताला गरम लागेपर्यंत, म्हणजे थर्मोस्टॅट उघडल्याची खात्री होईपर्यंत, हे चालू ठेवायचे आणि मग झाकण लावायचे. आम्ही पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन त्यात रिकामे केले आणि घाटमाथ्यावर पोहोचून चहाच्या टपरीवर पुन्हा पातळी पाहिली. टपरीवाले काका आमची धावपळ पाहून म्हणाले, "आधी चाय घ्या, गाडी कुठं पळून जात नाय." एवढे शहाणपणाचे वाक्य त्या दिवशी दुसऱ्या कोणी बोलले नाही.

पाटणच्या मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी होज बदलला, पण त्यांचे समाधान झाले नव्हते. झाकणात बोट घालून त्यांनी आतला पांढुरका थर खरवडला आणि विचारले, "साहेब, आधीच्या मालकानं बोअरचं पाणी घालत चालवली काय ही?" गाडी आम्ही जुनी घेतलेली होती, आणि उत्तर त्या थरातच होते. जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, गंज धरतो, जाळी अर्धी बंद होते आणि मग दाब कमजोर जागा शोधतो. निम्मे एथिलीन ग्लायकॉलचे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण केवळ उत्कलनबिंदू वाढवण्यासाठी नसते. त्यातली गंजरोधक द्रव्ये हाच आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात त्याचा खरा उपयोग आहे. ती द्रव्ये दोन-तीन वर्षांत निकामी होतात, त्यामुळे रंग छान दिसतो म्हणून जुनेच कूलंट चालवत राहण्यात अर्थ नाही. एका गोष्टीची मात्र धास्ती बाळगावी. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अतिशय विषारी असते. गॅरेजच्या दारात सांडलेले कूलंट चाटून कुत्री मरतात. बाटलीत उरलेले कूलंट शीतपेयाच्या बाटलीत भरून गाडीत ठेवण्याची जी पद्धत दिसते, ती लहान मुले असलेल्या घरात तरी ताबडतोब बंद व्हावी.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय ट्रकवाल्यांत जुना आहे आणि तो लहान भोकावर काही काळ चालतोही, कारण हळद फुगून भोकात बसते. पण ती भोक आणि नळी यांत फरक करत नाही. जंगलात अडकलो तर मीही टाकीन. गावात मिस्त्री असताना टाकणार नाही. तीच गोष्ट डाग मारण्याची. तांब्या-पितळेचे जुने रेडिएटर डाग मारून वर्षानुवर्षे चालत, आताच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांना ते काम झेपत नाही, तिथे नवा बसवणे हाच हिशेबाचा मार्ग ठरतो.

इतर बिघाड यापुढे किरकोळच. पंख्याचा फ्यूज किंवा रिले गेल्याने तापणाऱ्या गाड्या पुष्कळ असतात, म्हणून जादा फ्यूज डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावेत. ज्या इंजिनात बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात, तिथे बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ काटा चढू लागला, तर पट्टा तुटला हे गाडी थांबवण्यापूर्वीच ओळखता येते. तिथे पाणी घालून काहीही साधत नाही.

चढाइतकाच उतार अवघड असतो, पण उताराला लोक घाबरत नाहीत. भरलेल्या गाडीने घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण तंतोतंत खरी आहे; ब्रेकवर सतत पाय ठेवला की ते तापून पकड सोडतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार पाहावा. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने वीसहून अधिक वाहनांना नुकसान पोहोचवले. त्या उतारावर इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय पोलिसांनी वारंवार बोलून दाखवली आहे. वाचणारे डिझेल कपभर, आणि इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदतही जाते.

आता थांबलेल्या गाडीविषयी. माझ्या मते संपूर्ण विषयातला हाच सर्वांत गंभीर भाग आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि अपघातांच्या प्रकारांत मागून धडकण्याचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे एक पंचमांश होता. ताशी ऐंशी किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला बावीस मीटर पुढे सरकते. तिच्या चालकाला थांबलेली गाडी दिसून, ती थांबलेली आहे हे उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तीसएक मीटर संपलेले असतात, आणि गाडी थांबायला पुढे आणखी तितके किंवा त्याहून जास्त अंतर लागते. म्हणून गाडीपासून पाच पावलांवर ठेवलेला लाल त्रिकोण हा शोभेचा त्रिकोण आहे. महामार्गावर तो शंभर मीटर मागे हवा, आणि घाटात अंतर न मोजता तो वळणाच्या अलीकडे, म्हणजे मागून येणाऱ्याला वळण घेण्याआधी दिसेल असा हवा. नव्या गाडीबरोबर असा त्रिकोण मिळतोच. तो टूलकिटच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सापडतो, आणि बंद पडलेल्या गाडीची सगळी खोकी उतरवल्याशिवाय तिथपर्यंत हात पोहोचत नाही. आमचा आता चालकाच्या दाराच्या खणात असतो.

त्रिकोणाऐवजी रस्त्यावर दगड आणि झाडाच्या फांद्या मांडण्याची आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. अडचणीत माणूस हाताला येईल ते वापरतो, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र दुरुस्ती झाल्यावर चालक गाडी घेऊन निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. रात्री त्या दगडांवर येणारा दुचाकीस्वार कोणाच्या बिघाडाची किंमत मोजतो, याचा विचार कोणी करत नाही. परतीच्या प्रवासात असे दगड दिसले की आम्ही गाडी बाजूला घेऊन ते उचलतो, आणि माझा सहकारी प्रत्येक दगडाबरोबर एक शिवी हासडतो.

द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर तर बंद गाडीत बसून राहणे हाच मोठा धोका आहे. गाडी शक्य तितकी डाव्या कडेला, चारही इंडिकेटर चालू, माणसे रस्त्याच्या बाजूच्या दाराने न उतरता डावीकडून उतरवून कठड्याच्या पलीकडे, आणि तीही गाडीच्या पुढे न उभी राहता मागच्या बाजूला थोडी दूर, कारण मागून धडक बसली तर गाडी पुढे फेकली जाते. चाक बदलणे, विशेषतः उजवीकडचे, हे काम तिथे स्वतः करू नये. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आपत्तीसाठी ११२ हे क्रमांक लागतात. फोन करताना किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि दिशा सांगितली तर मदत निम्म्या वेळात पोहोचते. 'टोलनाक्याच्या थोडं पुढं' या पत्त्यावर कोणीही येऊ शकत नाही.

आमच्या गाडीला झालेला अपघात अशाच मागून धडकण्याचा होता. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात गतिरोधकापाशी आम्ही वेग कमी केला आणि मागच्या पिकअपने केला नाही. कोणाला इजा झाली नाही. मागचा दरवाजा वाकून उघडला आणि चार खोकी रस्त्यावर फुटली. नुकताच पाऊस पडून गेला होता. शाळा सुटायची वेळ होती, त्यामुळे निळ्या गणवेशातल्या मुलांनी चिखलातून शब्दकोश आणि बालकथा उचलून दुकानाच्या ओट्यावर ओळीने मांडल्या, आणि त्यांतल्या एका मुलीने हातातले पुस्तक उभ्याउभ्याच वाचायला घेतले. तोवर मोठी माणसे जमली आणि ठरल्याप्रमाणे 'मिटवून टाका' सुरू झाले. पिकअपच्या चालकाकडे हातात द्यायला दोन हजार होते. आम्ही गाड्या हलवण्याआधी दोन्ही क्रमांक, चाकांच्या खुणा, गतिरोधक आणि मोडलेला दरवाजा यांची छायाचित्रे घेतली, विमा कंपनीला तिथूनच कळवले आणि पोलीस ठाण्यात नोंद केली. चालक तरुण होता, घाबरला होता; त्याच्यावर आवाज चढवून काही मिळणार नव्हते. रस्त्यावर मिटवलेल्या प्रकरणाची अडचण ही, की गाडीचा सांगाडा, म्हणजे चेसिस, वाकल्याचे चार दिवसांनी मिस्त्री सांगतो तेव्हा समोरचा फोन उचलत नाही.

त्यानंतर आम्ही पुढच्या सीटमागे लोखंडी जाळी बसवून घेतली. मागून धडक बसली म्हणून खोकी मागे गेली; आम्ही समोर कोणाला धडकलो असतो, तर तीच पंचवीस किलोंची खोकी आमच्या मानेवर आली असती.

दुसऱ्याचा अपघात दिसल्यावर थांबायचे की नाही, यावर आमच्या व्यवसायातल्या लोकांत अजूनही वाद होतात. 'पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार' हे कारण एके काळी खरे होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. जखमीला सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोकड उपचारांची केंद्राची योजनाही लागू झाली आहे, त्यामुळे 'पैसे कोण भरणार' या प्रश्नावर रुग्णालयाच्या दारात अडण्याचेही कारण उरलेले नाही. हे कागदावरचे संरक्षण तालुक्याच्या ठाण्यात दर वेळी तितक्याच सौजन्याने मिळते असे मी म्हणणार नाही. पण कलमाचा क्रमांक शांतपणे उच्चारला की बोलण्याचा सूर बदलतो, हे अनुभवले आहे.

मदतीतही घाई नडते. पडलेल्या दुचाकीस्वाराला चार जणांनी हातपाय धरून उचलायचे, हेल्मेट ओढून काढायचे आणि तोंडात पाणी ओतायचे, हे तिन्ही प्रकार आपल्याकडे चांगल्या मनाने केले जातात आणि तिन्ही घातक आहेत. मान व पाठ दुखावली असण्याची शक्यता असते, तेव्हा आग किंवा येणाऱ्या वाहनांचा धोका नसेल तर माणसाला हलवू नये, डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून ठेवावे आणि १०८ ची वाट पाहावी. आमच्या गाडीत टेबलांवर अंथरायच्या पांढऱ्या चादरी नेहमी असतात. त्यांतल्या दोन अशा कामी आलेल्या आहेत.

अपघात आपल्या हातून झाला असेल तर जखमीला उपचार मिळवून देणे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे ही कलम १३४ ने चालकावर टाकलेली जबाबदारी आहे. जमावाच्या रोषामुळे तिथे थांबणे शक्य नसेल तर त्याची दखल त्याच कलमात घेतलेली आहे. म्हणजे जिवाच्या भीतीने जवळच्या पोलीस ठाण्यापर्यंत गाडी नेणे आणि पळून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक प्रत्येक चालकाला माहीत असायला हवा.

टोचन लावून गाडी ओढून न्यायची वेळ आली, तर मागच्या गाडीत अनुभवी माणूस बसवावा. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक दगडासारखा कडक लागतो, किल्ली फिरवलेली नसली तर स्टिअरिंग अडकते, आणि दोर सैल होऊन झटका बसला की हूक उपटून येतो. घाटात तर दोराने ओढूच नये, क्रेन मागवावी. क्रेनचा दर गाडी उचलण्याआधी, अंतरासह, ठरवून घ्यावा; रात्री अकरा वाजता घाटात घासाघीस करण्याची ताकद गाडीवाल्याकडे नसते आणि हे क्रेनवाल्याला पुरते माहीत असते.

राहता राहिला विमा. अपघातात रेडिएटर फुटला तर तो विम्यात येतो. पण फुटलेल्या रेडिएटरनिशी गाडी पुढे चालवली आणि इंजिन जाम झाले, तर इंजिनाचा खर्च सर्वसाधारण पॉलिसीत नाकारला जातो. ते अपघाताचे नुकसान न मानता नंतर चालवल्याचे नुकसान मानले जाते. इंजिन संरक्षणाची जादा जोड घेतलेली असली तरी तिच्या अटी वाचून घ्याव्यात. म्हणून धडकेनंतर गाडी चालू होत असली, तरी आम्ही आधी वाकून खाली काय गळते आहे ते पाहतो, आणि हिरवा थेंब दिसला की किल्ली खिशात टाकून क्रेनला फोन लावतो.

यंदा दिवाळीनंतरचा हंगाम सुरू होण्याआधी पाटणच्या मिस्त्रींकडे रेडिएटर नवा बसवून घ्यायचा आहे. खालचा होज, क्लिपा, थर्मोस्टॅट आणि झाकण त्याच वेळी बदलायचे ठरले आहे, कारण हे सगळे मिळून एका क्रेनच्या फेरीपेक्षा स्वस्त पडते.